ब्राझीलच्या रानातलं ते महाकाय गांडूळ: त्या लोकांनी नक्की काय पाहिलं होतं?

जुजबंदी (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी पुस्तकं बांधतो. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे, चाळीस वर्षं होत आली. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात सांगितला तर त्यातलं खरं दुखणं निसटेल, म्हणून सगळं लिहितो.

गेल्या पावसाळ्याआधी एका जुन्या संग्रहातले इंग्रजी साप्ताहिकाचे खंड दुरुस्तीला आले. लंडनचं 'नेचर', खंड १७, सन १८७७-७८. पाठ सुटलेली, दोरा कुजलेला, पुठ्ठ्याला वाळवी. असं पुस्तक आलं की आधी शिवण उसवून फर्मे सुटे करायचे, फाटलेल्या घड्यांना आतून पातळ कागदाची पट्टी लावायची, खळ वाळू द्यायची आणि मग पुन्हा जुजबंदी. काम चालू असताना मी वाचत नाही. वाचायला लागलं की हात थांबतो. पण एका पानाला मधोमध चीर गेली होती. पट्टी लावून ते पान वाळेपर्यंत धरून बसावं लागलं, आणि नजर एका शब्दावर अडकली. नंतर नातीला बोलावलं. ती बारावीला आहे, इंग्रजी चांगलं आहे तिचं. आम्ही दोघांनी मिळून फेब्रुवारी १८७८ च्या अंकातला तो मजकूर दोन संध्याकाळी लावला.

शब्द होता 'मिन्योकाँव'. पोर्तुगीज भाषेत मिन्योका म्हणजे गांडूळ, आणि मिन्योकाँव म्हणजे भलं मोठं गांडूळ. ब्राझीलच्या दक्षिणेला डोंगरपठारावर जी पाइनची रानं आहेत, तिथले लोक या जनावराबद्दल सांगायचे. पन्नास वार लांब, पाच वार रुंद, अंगावर हाडांचं चिलखत. जमिनीखालून जातं, जाताना मोठमोठी झाडं गवताच्या काडीसारखी उलथवतं, ओढ्याची वाट बदलतं, कोरड्या जमिनीची दलदल करतं.

हे सगळं लिहून कळवणारा माणूस होता फ्रिट्झ म्यूलर. जर्मन निसर्गअभ्यासक, १८५२ साली बायकापोरांसह ब्राझीलला गेला आणि ब्लूमेनाउ या वसाहतीत कुऱ्हाड-कुदळ घेऊन शेतकरी झाला. डार्विनशी त्याचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. म्हणजे ऐकीव गोष्टींवर भाळणारा माणूस नव्हे. तो सुरुवातीलाच कबूल करतो की हे ऐकून कोणालाही हसू येईल. आणि पुढं म्हणतो की सगळ्या हकिगती नीट तोलून पाहिल्या, तर असं काहीतरी जनावर असावं हे नाकारणं अवघड जातं. लोक सांगतात तेवढं मोठं नसेल, इतकंच.

हकिगती मला अशा उमगल्या. लाझेस गावाजवळ एका माणसाला नदीकाठी एक विचित्र जनावर दिसलं. जाडी जवळजवळ एक मीटर, लांबी फार नाही, तोंड डुकरासारखं. पाय होते की नाही, त्याला सांगता येईना. एकट्यानं धरायचा धीर होईना म्हणून शेजाऱ्यांना हाका मारायला गेला, तेवढ्यात ते जमिनीत शिरलं आणि मागं चर राहिला. आठवड्याभरानं गावाच्या दुसऱ्या अंगाला तसाच चर. तो एका मोठ्या पाइनच्या मुळांखालून गेला आणि पाणथळीत हरवला.

दुसरी हकिगत कुरितिबानोसकडची. एक शेतकरी घरच्या सगळ्यांसह आठ दिवस बाहेर होता. परत येऊन बघतो तर वाट खालून पोखरलेली, मातीचे ढीग, आणि तीनेक मीटर रुंदीचा चर एका झऱ्याच्या उगमापासून निघून सातशे ते हजार मीटरवरच्या दलदलीपर्यंत गेलेला. झाडं कलंडलेली, ओढ्याचं पाणी चरात वळलेलं. गावोगावचे शेकडो लोक ते बघायला आले होते. आणखी एक बाई पाणी भरायला डबक्यावर गेली, तर डबकं मोडून पडलेलं, आणि पलीकडं घराएवढं काहीतरी सरकत जाताना तिला दिसलं.

हे वाचताना नात "आजोबा, भारी आहे हे" म्हणत होती आणि मला वडील दिसत होते.

आमचं मूळ गाव राधानगरीच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या रस्त्यावरून आत. मी सातवीत होतो, १९७४ चा पावसाळा. डोंगराच्या उताराला आमचं नाचणीचं शेत होतं. आठवडाभर पाऊस हटला नव्हता. एका सकाळी आबा शेतात गेले आणि धावत परत आले. आबांना धावताना मी तेवढं एकदाच पाहिलं. शेताच्या मधून वरून खाली चर पडला होता, माणूस उभा राहील एवढा खोल. कडेचं जांभळाचं झाड मुळं वर करून आडवं झालेलं. चराच्या वरच्या टोकाला चर नव्हता, नुसतं भोक होतं, आणि मधेच दहा-बारा हात जमीन शाबूत होती. म्हणजे वरनं वाहून आलेल्या पाण्यानं कापलेली घळ असावी, असं दिसत नव्हतं. खालून काहीतरी गेलं असावं, असंच दिसत होतं. आणि आबा पारावर तेच बोलून बसले: "भुईखालनं कायतरी गेलंय."

गाव हसलं. पुढं दोन-तीन वर्षं कोणी ना कोणी विचारायचं, "काय रं, तुझं जनावर परत आलं का?" आबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. चर त्यांनी एकट्यानं, दगडमाती टाकून, दोन उन्हाळ्यांत बुजवला. मी कोल्हापूरला बांधणी शिकायला आलो तो पुढच्याच काही वर्षांत. आबा २००३ साली गेले.

म्हणून माझा प्रश्न नुसता 'मिन्योकाँव खरा होता का' एवढाच नाही. ज्यांनी तो चर पाहिला, त्यांनी काय पाहिलं? शेकडो लोक उगाच चालत जाऊन बघत नाहीत. म्यूलरसारख्या माणसानं हसणं बाजूला ठेवून ऐकून घेतलं. इथं प्राण्यांचा, मातीचा अभ्यास असलेली माणसं आहेत. सांगाल का?

---

घाटमाथा (गडहिंग्लज)

काका, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी औषधाच्या दुकानात काम करतो, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी आंबोलीला असतो, बेडूक-साप बघायला. त्यामुळं जनावराच्या बाजूनं जे माहीत आहे ते सांगतो.

मिन्योकाँवबद्दल आणखी जुनी नोंद आहे. ओग्युस्त द सेंत-इलेर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १८१६ ते १८२२ ब्राझीलमध्ये हिंडत होता. त्याला गोयास प्रांतात, म्हणजे म्यूलरच्या भागापासून फार उत्तरेला, तळ्यांमध्ये राहणाऱ्या मिन्योकाँवच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या. तिथं तो जमीन उकरणारा कमी आणि पाणी ओलांडणाऱ्या घोड्यांना, गुरांना खाली ओढणारा जास्त होता. सेंत-इलेरनं १८४७ मध्ये ते छापलं आणि अंदाज केला की हा लेपिडोसायरनसारखा एखादा मोठा मासा असावा. लेपिडोसायरन म्हणजे दक्षिण अमेरिकेतला फुप्फुसानं श्वास घेणारा मासा. वामीसारखा लांब, सव्वा मीटरपर्यंत वाढतो, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात बीळ करून पडून राहतो. पाऊस आला की बाहेर. म्यूलरचाही कल याच माशाकडं होता. चिखलातून अचानक माणसाच्या दंडाएवढं काहीतरी वळवळत वर येताना पाहिलं, तर पाहणारा ते जन्मभर विसरणार नाही.

दुसरा उमेदवार माझ्या फार जवळचा आहे: देवगांडूळ. नावात गांडूळ असलं तरी ते बेडकाच्या नात्यातलं, पाय नसलेलं उभयचर. पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. जमिनीत राहतं आणि कवटीनं माती रेटत पुढं जातं. डोळे कातडीखाली दबलेले, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधे दोन बारीक स्पर्शिका, ज्या आतबाहेर होतात. म्यूलरच्या हकिगतींत एकानं काळं, गांडुळासारखं, डोक्यावर दोन शिंगं असलेलं जनावर पाहिल्याचं आहे. ते वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण देवगांडुळाच्या त्या स्पर्शिका कोणी जवळून पाहिल्या तर शिंगंच म्हणेल. पण आकाराचा मेळ बसत नाही. जगातलं सगळ्यात मोठं देवगांडूळ कोलंबियातलं, ते दीड मीटरच्या आसपास. हकिगतीतलं पंचवीस मीटरचं.

आपल्या अंगणात पण ही आहेत. आंबोलीचं एक देवगांडूळ २००३ मध्ये विज्ञानाला नवीन म्हणून नोंदलं गेलं, गेजेनिओफिस डॅनिएली. आपण रोज ज्या घाटानं सावंतवाडीला जातो, तिथल्या मातीत ते तोवर बिननावाचं राहत होतं. कोयनेच्या बाजूला हुंबरळीचं आणखी एक, ते २००४ मधलं. पहिल्यांदा मी एक पाहिलं ते कुजक्या ओंडक्याखाली, जांभळट करडं, वीतभर, ओल्या रबरासारखं चकाकणारं. हात लावायचा धीर झाला नाही. बाजूला बसून राहिलो. दोन मिनिटांत ते मातीत असं गेलं की भोकसुद्धा राहिलं नाही.

आणि ब्राझीलमधलीच गोष्ट. तिथल्या एका जातीच्या देवगांडुळाची आई पिलांना दुधासारखा चरबीयुक्त स्राव पाजते, हे २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालं. त्याच जातीची पिलं आईची वरची कातडीही खरवडून खातात आणि तिला ती पुन्हा येते. आपल्याकडच्या काही जातींत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसून राहते. इतकं सगळं जमिनीखाली चाललेलं असतं आणि वरून आपल्याला काही दिसत नाही.

चिलखताचं म्हणाल तर आर्माडिलो आहेच. दक्षिण अमेरिकेतल्या राक्षसी आर्माडिलोची लांबी शेपटीसकट दीड मीटर, पाठीवर हाडांच्या चकत्या, आणि पुढच्या पायाची नखं अशी की वारूळ फोडून आत शिरतो.

माझं मत: एका जनावराचा शोध घेऊ नका. चिखलातला मासा, शिंगांचं देवगांडूळ, चिलखती आर्माडिलो, हे सगळे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी पाहिले आणि एका नावाखाली जमा झाले. पण तो हजार मीटरचा चर? तो यातल्या कोणाच्याच बापाला जमणार नाही. तिथं मी थांबतो.

एक विनंती सगळ्यांना. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण सांगताना मांडूळ मधे आणू नका. गुप्तधनाच्या आणि 'दुतोंड्या'च्या खुळ्या समजुतीपायी आपल्या भागात मांडूळ पकडून विकतात. तो बिनविषारी, गरीब साप आहे, उंदीर खातो, आणि कायद्यानं संरक्षित आहे. देवगांडूळ तर सापाचं पिल्लू समजून ठेचतात. शेतात दिसलं तर जाऊ द्या त्याला.

---

ओवी

मला शास्त्र कळत नाही, पण काकांच्या आबांवरून आठवलं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, पहाटे साडेचारच्या आत. आम्ही शाहूवाडीकडं होतो, मी पाच वर्षांची. भांडी फळीवरनं पडली. आजीनं मला पोटाशी धरून अंगणात नेलं आणि जमिनीला हात लावून म्हणाली, "शेषानं कूस बदलली." तिला कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांची आजी तेच म्हणत होती.

मला वाटतं तुमच्या आबांचं तेवढंच चुकलं, की त्यांच्या जनावराला गावानं ठेवलेलं नाव नव्हतं. ब्राझीलच्या त्या शेतकऱ्याकडं नाव होतं, म्हणून शेकडो लोक बघायला आले.

---

पाषाणभेद (राजारामपुरी, कोल्हापूर)

मी भूगर्भशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. घाटमाथा यांनी जनावरांचं छान सांगितलं. मी चराकडे वळतो.

जुजबंदी, तुम्ही दिलेल्या हकिगतींत एक गोष्ट वारंवार येते ती बघा. चर झऱ्याच्या उगमापासून निघतो आणि दलदलीत संपतो. दुसरा चर पाणथळीत हरवतो. डबकं मोडतं. ओढ्याचं पाणी वळतं. त्याच नोंदीत एका रस्त्याच्या मोजणीदाराला आडवे आलेले वेडेवाकडे चर आहेत, आणि तेही नदीच्या फाट्याच्या कडेकडेनं जाणारे. सगळीकडं पाणी, आणि सगळीकडं वरून खाली. जनावर हवं तिकडं जाईल. ते प्रत्येक वेळी पाण्याच्याच वाटेनं का जावं?

म्हणून मला वाटतं, चर पाडणारं पाणीच होतं, पण ते जमिनीखालून गेलं. याला आम्ही सॉइल पायपिंग म्हणतो. उतारावर मातीचा जाड थर असतो. उंदरा-खेकड्याचं बीळ, कुजलेलं मूळ, उन्हाळ्यात पडलेली भेग अशी एखादी फट पाण्याला मिळते. पाणी तिथून आत शिरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि उताराच्या दिशेनं आडवं वाहू लागतं. जाताना बारीक माती घेऊन जातं. काही वर्षांत आत बोगदा तयार होतो, वरून गवत, पीक, सगळं जागच्या जागी. मग एखाद्या मोठ्या झडीत छत ओलं, जड होतं आणि कोसळतं. एका रात्रीत चर. जिथं छत टिकतं तिथं मधेच जमीन शाबूत राहते, पूल असल्यासारखी. बोगद्यावरचं झाड खालचा आधार गेला की कलंडतं. केरळात पश्चिम घाटाच्या उतारांवर हा प्रकार चांगला अभ्यासला गेला आहे. तिथं घराखाली असे बोगदे सापडलेत.

तुमच्या वर्णनातलं वरचं भोक आणि मधली दहा-बारा हात शाबूत जमीन, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. सातवीतल्या मुलानं लक्षात ठेवलेल्या त्या दोन गोष्टी म्हणजे याच प्रकाराची खूण. आबा बरोबर होते. भुईखालून काहीतरी गेलं होतं.

आता तिकडच्या पठाराबद्दल, कारण आपलं त्याच्याशी दगडाचं नातं आहे. दक्षिण ब्राझीलच्या पठाराचा मोठा भाग बेसॉल्टचा आहे. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो झाला. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, पण घडण तीच. भरपूर पावसात असा दगड कुजून जाड तांबडी माती होते आणि खाली न कुजलेला दगड पाणी अडवतो. राधानगरी-दाजीपूरकडं तुम्ही हेच रोज पायाखाली घेता.

पण नुसतं पाणी म्हणून मी प्रश्न मिटवणार नाही, कारण त्याच भागात खरोखरच महाकाय जनावरांनी खणलेली बिळं आहेत. पोर्तुगीजमध्ये त्यांना पालेओतोका म्हणतात, म्हणजे प्राचीन बीळ. रिओ ग्रांदे दो सुल या राज्यात अशी दीड हजारांहून जास्त सापडल्याचं तिथले भूशास्त्रज्ञ हाइनरिश फ्रांक यांनी सांगितलं आहे. काहींत माणूस ताठ चालू शकतो. भिंतींवर नखांचे लांब ओरखडे अजून स्पष्ट आहेत. ही कामं जमिनीवर राहणाऱ्या राक्षसी स्लॉथची आणि मोठ्या आर्माडिलोंची मानली जातात. ते प्राणी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झाले. उत्तरेला रोंदोनिया राज्यात एका जाळ्याच्या बोगद्यांची एकूण लांबी ६०० मीटरच्या आसपास आहे. पाणी असा गोल, गुळगुळीत, चढउतार करणारा, भिंतीवर ओरखडे असलेला बोगदा करत नाही.

त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना अशी तोंडं डोंगरात दिसतच असणार. आत नखांचे ओरखडे. मग पावसात एका रात्रीत शेतात नवा चर पडला, तर 'ते परत आलं' असं वाटणं मला अगदी सरळ तर्काचं वाटतं. हा जोड माझा अंदाज आहे, पण दोन्ही टोकं पक्की आहेत.

तुमच्या शेताची खात्री करून घेता येईल. वरचं भोक अजून असेल तर वाहत्या पावसात जा. बादलीभर भाताचा कोंडा त्या भोकात जाणाऱ्या पाण्यात सोडा आणि खाली ओढ्याच्या काठाला कोणाला तरी उभं करा. कोंडा खाली निघाला तर बोगदा जिवंत आहे. वेळ आणि अंतर लिहून ठेवा. मात्र दोन्हींच्या मधल्या जमिनीवर कोणी उभं राहायचं नाही. हे कळकळीनं सांगतो. आणि पाऊस फार असेल, उतारावर ताज्या भेगा दिसल्या, तर प्रयोग सोडून खाली या.

---

जुजबंदी

सर, घाटमाथा, ओवीताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. सरांचं उत्तर नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "आबा बरोबर होते" तिथं मी तिला थांबवलं आणि आत जाऊन आलो.

उत्तर द्यायला एवढे दिवस लागले, कारण गणपती होऊ दिले आणि मगच गावी गेलो. शेत आता चुलतभावाकडं आहे. नाचणी त्यानं सोडली, आता तिथं नुसतं गवत राखतो, म्हशींसाठी. आबांनी बुजवलेला चर नांगरात गेला असेल असं मला वाटत होतं, पण गवत दवानं भिजलेलं असताना वरच्या बांधावरून पाहिलं तर जमीन एका रेषेत खचलेली स्पष्ट दिसते. पुस्तकाच्या पाठीवर जुजबंदीच्या दोऱ्याची रेघ उमटते ना, तशी.

वरचं भोकही आहे. कारवीच्या आड, घमेलं उपडं बसेल एवढं. मी गेलो त्या दिवशी दुपारी तासभर चांगली सर झाली. बांधावरून येणारं पाणी त्या भोकात जात होतं आणि आत खोल कुठंतरी घागर भरल्यासारखा आवाज येत होता. मी कान लावून ऐकत राहिलो. सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणं रेषेच्या बाजूनं लांबून गेलो, वरून पाय दिला नाही.

चुलतभावाला मी खाली ओढ्याला करंजाजवळ उभं केलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पारावर हसणाऱ्या पोरांत तो पण होता, हे त्याला आठवत होतं. वाटेत त्यानंच विषय काढला. मी काही बोललो नाही.

दोन बादल्या कोंडा, गिरणीतून आणलेला. ३ वाजून १० मिनिटांनी सोडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं, आबांनी दगड इतके टाकलेत, पाणी मुरत असेल, कोंडा अडकला असेल. ३ वाजून ३४ मिनिटांनी खालून हाक आली. "आला रं! आला, आला!" मी धावलो, या वयात, बांधाच्या कडेनं. करंजाच्या मुळाखाली काठाला फूटभर रुंदीचं तोंड आहे, त्यातून पाणी येत होतं आणि पाण्यावर कोंडा. तो ओंजळीत घेऊन उभा होता. पन्नास वर्षं त्या झाडाखाली गुरं पाण्याला आणतोय, म्हणाला, आणि हा झरा आहे असंच समजत होतो.

टेपनं बाजूबाजूनं अंतर मोजलं. २१२ फूट.

'नेचर'चा खंड बांधून झाला. नवी कापडी पाठ, जुना पुठ्ठा तसाच ठेवला. परत करायच्या आधी नातीनं त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि आबांच्या फोटोशेजारी लावला. चुलतभाऊ परवा फोनवर म्हणाला की पाराजवळ त्यानं सगळ्यांना सांगितलं, कोंडा कसा निघाला ते. कोणी काय बोललं ते मी विचारलं नाही.

सर, एक शेवटचं. वरच्या बांधावरून गावातल्या म्हशी जातात, पोरंही असतात मागं. ते भोक माती टाकून बुजवू का? भाऊ उद्याच दोन ट्रॉली आणायला तयार आहे.

---

पाषाणभेद

थांबवा त्यांना. नुसती माती टाकली तर पुढच्या पावसात तीच धुऊन जाईल, किंवा पाणी शेजारी नवी वाट काढेल. आधी वरचं पाणी वळवा. भोकाच्या वर आठ-दहा फुटांवर आडवा चर काढून पाणी बाजूच्या पक्क्या ओहोळात सोडा. त्या पट्ट्यात गुरं जाऊ नयेत म्हणून दोन्ही अंगांनी काटेरी कुंपण घाला, आणि म्हशींची वाट खालच्या बांधानं करून घ्या. खाली उताराला घरं असतील तर ग्रामपंचायतीला आणि तलाठ्यांना लेखी कळवा. करंजाखालचं तोंड बंद करू नका, पाण्याला बाहेर पडायला जागा हवी. दिवाळीनंतर जमीन वाळली की मी येतो. टेप आणि तुमची ती २१२ फुटांची नोंद तयार ठेवा.